बाबांच्या तोंडाचा वास

५ डिसेंबर १९८३
आज प्रॅक्टिकलला एस्टर! अल्कोहोल, अ‍ॅसिटिक आम्ल, सल्फ्युरिकचे चार थेंब, परीक्षानळी गरम पाण्यात — मग सगळं सोड्याच्या पाण्यात ओतायचं. काय गोड वास! मॅडम ओरडत होत्या, "नाम में पहले अल्कोहल, फिर एसिड!" एथिल एथॅनोएट. माझंच पहिलं बरोबर आलं. म्हणाल्या, प्रतिमा, तुझं नाक केमिस्टचं आहे.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिन. घरी बुद्धवंदना. बाबा शेजारी बसले — आणि त्यांच्या तोंडाला तसाच गोड वास! दारूचा नव्हे, तो मी लहानपणापासून ओळखते. हा थिनरचा. बाबा फॅक्टरीत पेंट सेक्शनला, आणि थिनरमध्ये एस्टर असतं. तीन वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवर दारू सोडली, ती थिनर प्यायला? पाचवं शील आलं — मद्य घेणार नाही — तर सगळ्यांत मोठा आवाज यांचाच! मी उठून गेले.

७ डिसेंबर
तोंडावर विचारलं. "काहून वं, बापाचा वास घेऊन राहिली का? थेंब नाही घेतला, बेटा." चोराच्या उलट्या बोंबा! अख्खा माठ रिकामा करतात, सारखे मोरीत जातात. गालफडं बसली आहेत. पिणाऱ्याचं आणखी काय होणार?

८ डिसेंबर
मी बाबांशी बोलले नाही.

१० डिसेंबर
बाबांना सकाळपासून ओकाऱ्या. आई म्हणाली, "चल, दवाखान्यात नेऊ." मीच अडवलं. तिला सगळं सांगितलं — वास, थिनर. फॅक्टरीत कळलं तर नोकरी जाईल, राहतं क्वार्टर जाईल. "उतरू दे, आई. मला कळतं यातलं." आईने हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली. घरात शिकलेली मीच ना!
बाबांनी पाणी मागितलं. मी माठाकडे बोट दाखवलं.

११ डिसेंबर
दुपारी हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. श्वास खोल, भात्यासारखा. शेजारच्या मुरलीधरकाकांनी ऑटो आणला. मला वाटेत लाजच वाटत होती — डॉक्टरांना सांगायचं काय!

१३ डिसेंबर
बाबा काल गेले.
एक थेंब घेतला नव्हता. मधुमेह होता, कोणाला माहीतच नव्हतं. साखर फार वाढली की शरीरातच अ‍ॅसिटोन तयार होतं, तोंडाला गोड वास येतो. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते. डॉक्टरांनी विचारलं, "यह महक किसी ने पहचानी नहीं?"
आई रडत रडत म्हणाली, "हमारी बेटी ने पहचानी थी, साहब. पहले ही दिन."