खात्रीची जागा

अहो,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज लिहिते, कारण संध्याकाळी अनघा येणार आहे, आणि बाबांनी काय सांगितलं असतं, याचं उत्तर तिला माझ्याकडून हवंय.

तुमच्या लेकीला सर्जन व्हायचंय. पुढच्या ट्रेनिंगच्या जागेसाठी मंगळवारी मुलाखत आहे. इकडे तुमच्या जुन्या विभागाने, म्हाताऱ्या पेशंटच्या, तिला जागा देऊ केलीये. हो की नाही, उद्या कळवायचंय. हो म्हटलं की मंगळवारी जायचा प्रश्नच नाही. सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. दोन पोळ्या करपल्या.

डॉक्टरांचं ते साप्ताहिक अजून तुमच्या नावाने येतं. डिक्शनरी घेऊन वाचते, नोकऱ्यांची पानं आधी. तुम्हीही तसंच करायचात ना?

ग्लासगोत आल्यावर सर्जरीच्या किती मुलाखती दिल्यात! सगळ्या उमेदवारांना एका खोलीत बसवायचे, मग एक बाई येऊन निवडलेल्या एकाचंच नाव घ्यायची. तुम्ही हसत सांगायचात, "दार उघडलं की मी कोट घालायला लागतो. वेळ वाचतो." मीही हसायचे. म्हाताऱ्यांच्या विभागाच्या मुलाखतीला मात्र दार उघडलं तरी कोट घातला नाहीत. का, म्हणून विचारलं, तर म्हणालात, "अगं, खोलीत सगळे आपल्याकडचेच. मद्रास, लाहोर, ढाका. आज आमच्यातल्याच कुणाला तरी द्यावी लागणार होती."

तिथे तुम्ही मन लावून काम केलंत. पेशंट तुमची वाट बघायचे. पण माझ्या ब्लाउजची शिवण उसवली की टाके तुम्हीच घालायचात, आणि ते इतके बारीक असायचे की मला बघवत नसे.

गेल्या आठवड्यात अनघा सर्जरी विभागातल्या मोठ्या सर्जनना भेटून आली. लग्न ठरलंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मुलं झाल्यावर कसं करणार? ही म्हणाली, "सर, तुमची मुलं कोण बघतं?" ते हसले म्हणे. कसे हसले, विचारलं, तर, "नॉर्मल हसले गं, आई." नॉर्मल म्हणजे काय, मला कसं कळणार? मला वाटलं, गेली जागा.

जाताना मात्र दारात थांबली. "तिथे मी एकटीच मुलगी असेन. ब्राऊनपण मीच. बाबा काय म्हणाले असते?"

विचार करून सांगते म्हटलं. खरं तर विचार कसला करायचा? मिळतंय ते घे, बाळा, असंच म्हणाला असतात. मायेनेच म्हणाला असतात. पण ती भीती तुम्ही कमावलेली होती. तिला ती आयती का द्यावी? आणि मीच घाबरलेली असताना तिला धीर कुठल्या तोंडाने देऊ?

तरी ठरवलंय. तुमचं उत्तर तिला देणार नाही. उद्या नाही कळव, असं माझं म्हणून सांगेन. मंगळवारी दुसऱ्याचं नाव घेतलं आणि दोन्ही जागा गेल्या, तर तिने मला बोलावं. तुम्हाला बोल लागू देणार नाही.

तुमची,
सुमन