खाडीपल्याडचा दिवा

ट्रॉम्सो, ९ जानेवारी

चि. गुनवोर हिस,
अ. आ. वि. वि.

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, कारण पुढे रागवायचं आहे.

काल तुझा आयविन आला होता. बुटांवरचा बर्फ न झटकता आत आला तेव्हाच ओळखलं की पोराच्या मनात काहीतरी आहे. चार वॉफल्स खाल्ली, तपकिरी चीज अर्धं संपवलं आणि मग म्हणाला की मावशी, आई फक्त तुझं ऐकते, तिला त्या दिव्याचं सांग. तू माझं ऐकतेस ही बातमी मला नवीनच होती.

गेल्या हिवाळ्यापासून तो आठवड्यातून तीन संध्याकाळी पर्यटक पाहुण्यांना बसने दीड तास प्रवास घडवून स्ताइनविकला आणतो आणि तुझ्या घराखालच्या किनाऱ्यावर आकाशातला उत्तरप्रकाश दाखवतो. जागा उत्तम आहे. मागे डोंगर, पुढे खाडी, उत्तर मोकळी. फक्त होडीघराच्या खांबावर तुझा तो दिवा जळत असतो, बंदराला शोभेल एवढा. पाहुणे बिचारे डोळ्यांवर हात धरून उभे राहतात. एकाने तर लिहिलं म्हणे, की दीड तास बसने जाऊन मी एक बल्ब पाहिला.

आयविनने तुला तीनदा विनवलं आणि तू तिन्ही वेळा तोरलाइफचं नाव पुढे केलंस. तुझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तो होता तेव्हा हाच दिवा लावायला विसरायचा आणि तू त्याला अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं बोलायचीस. तेव्हा ते कारण मला देऊ नकोस. खरं असेल ते लिही. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून पत्र.

आणखी एक. हे त्याने तुला सांगितलेलं नाही, सांगण्याची त्याला हिंमतही नाही. हा हंगाम असाच गेला तर मे महिन्यात तो ओस्लोला नोकरी धरणार आहे. मारेनने तिथल्या बालवाड्यासुद्धा बघून ठेवल्यात. सून आणि नात दोघी गेल्या की त्या दिव्याखाली तू कोणाला बसवणार आहेस, याचा विचार कर.

येत्या गुरुवारी मी त्याच्या फेरीला येते आहे. तिकीट शेजारच्या बर्गबाईंच्या नावावर काढलं आहे, म्हणजे तो कसा बोलतो ते नीट ऐकता येईल. त्याला सांगू नकोस.

रागाखाली माया आहे, शोधलीस तर सापडेल.

तुझी बहीण,
आस्लाउग


स्ताइनविक, १२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार साष्टांग लिहिला आहे, पण कंबर धरल्यामुळे उभ्यानेच समजून घे.

लहानपणी परसाकडे जाताना फुकट दिसायचा तो उत्तरप्रकाश बघायला माझी बहीण तिकीट काढून, खोटं नाव सांगून येणार हे वाचून मी एकटीच हसत बसले. मेंढ्यांनीसुद्धा मान वळवून पाहिलं. अडतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून झालं, आता हेरगिरी. लोकरीची आतली विजार घालून ये. हेरांनाही थंडी वाजते.

आता दिव्याचं. तू शहरात राहून विसरलीस. सप्टेंबरपासून एप्रिलमध्ये रात्री उजळेपर्यंत या खाडीवर प्रत्येक घराचा समुद्राकडचा दिवा लागतो. ज्या घराचा लागला नाही, त्या घरातलं माणूस तरी गेलं किंवा बिऱ्हाड तरी. आता उरलोत किती? इकडे मी, पलीकडे यालमार. त्याची बायको मार्गिट गेली आणि पाठोपाठ तोरलाइफ, त्या हिवाळ्यात आमचं दोघांचं ठरलं. ठरलं म्हणजे यालमार एवढंच म्हणाला की दिवा दिसला की मी निजतो. तेव्हापासून तो माझा दिवा बघतो, मी त्याचा. फोन नाही, चौकशी नाही. तोरलाइफचं नाव मी पुढे केलं ते लेकाला हे सगळं सांगायची लाज वाटली म्हणून. तू हसू नकोस. हसलीच असशील.

पण ओस्लोचं मला खरंच माहीत नव्हतं. ते वाक्य दोनदा वाचलं आणि तव्यावरचे माशाचे वडे जळले. एवढीशी ओडा, तिला आत्ता कुठे मेंढ्यांची नावं पाठ झालीत. आयविनला मी काही विचारणार नाही. गुरुवारी सहाच्या ठोक्याला दिवा मालवीन, तसं त्याला कळवलं आहे. यालमारला तेवढं आधी सांगायला हवं, नाहीतर म्हातारा घाबरायचा.

तू मात्र पाहुण्यांसमोर आयविनच्या चुका काढू नकोस. तो शाळेत असताना काढल्यास त्या पुरे झाल्या.

तुझ्या धाकात वाढलेली आणि तरी तुझ्यावर जीव असलेली,
गुनवोर


ट्रॉम्सो, १७ जानेवारी

चि. गुनवोर हिस,
अ. आ. वि. वि.

काल तुझ्याशी बोलायला सवड मिळाली नाही. त्याचं कारण तुला ठाऊक आहे, पण तू किनाऱ्याच्या टोकाला होतीस, म्हणून मधल्या भागाचं मी लिहिते.

आयविनने मला बसच्या पायरीवरच ओळखलं. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाला की या, बर्गबाई, पुढे जागा आहे. संध्याकाळभर त्याने मला बर्गबाईच केलं. बर्गबाईंना थंडी वाजत नाही ना, बर्गबाईंनी याआधी कधी उत्तरप्रकाश पाहिलाय का. हा स्वभाव त्याने तुझ्याकडून घेतला आहे. बोलतो मात्र चांगलं. एकच चूक केली आणि ती मी सोडून दिली, याची नोंद घे.

सहाला तू दिवा मालवलास. आधी काही दिसेना. मग डोंगराच्या खांद्यावर धुरासारखी पट्टी आली, ती हिरवी झाली, बघता बघता खाडीवर वाकली आणि तिच्या खालच्या काठाला जांभळी झालर हलू लागली. चौदा माणसांच्या माना एकदम वर गेल्या. सूर्यावरून आलेले कण, दुसरं काही नाही, हे मी अडतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं आहे. पण खिडकीतून बघण्यात आणि त्या अंधारात मान मोडेपर्यंत उभं राहण्यात फरक आहे, हे कबूल करते.

तेवढ्यात पलीकडून मोटारबोटीचा आवाज आला. बोट थांबेना, ती थेट वाळूत घुसली. त्यातून यालमार उतरला. एका पायात बूट, एका पायात घरातली सपात, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच खोचलेला आणि हातात कुऱ्हाड. तू दाराला कधी कुलूप लावत नाहीस, तरी कुऱ्हाड. पाहुण्यांच्या मधून तुझ्या नावाने हाका मारत तो घराकडे धावला. पंच्याहत्तरीच्या माणसाला बर्फातून असं धावताना मी पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी फोटो काढले. पाठोपाठ बचावपथकाची बोट आली, निळा दिवा फिरवत, कारण त्याने तुला तीन फोन केले होते, तू उचलले नाहीस आणि मग त्याने त्यांना कळवलं होतं. निळ्या दिव्यात उत्तरप्रकाश कोणाला दिसतो?

आणि तू कुठे? उपड्या होडीवर, तोरलाइफचं कांबळं पांघरून, सुका मासा चघळत आकाश बघत बसलेली. यालमारने तुला पाहिलं आणि तो तिथेच बर्फात बसला. रुमालाने तोंड पुसलं. मग एवढं बोलला की मी चाट पडले. वर्षाला वीस शब्दांवर भागवणारा माणूस तो. तू मान खाली घालून ऐकत होतीस. माझ्यासमोर ती मान कधी खाली गेली नाही.

आता गंभीर बोलते. परतताना आयविन माझ्या शेजारी बसला. बर्गबाई म्हणाला नाही. म्हणाला की मावशी, आज त्या म्हाताऱ्याला वाटेत काही झालं असतं तर? आईला दिवा मालवायला मी पुन्हा सांगणार नाही. दुसरी जागा त्याच्याकडे नाही, हे तोही जाणतो आणि मीही. ओस्लोला होकार द्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

म्हणून सरळ विचारते. आयविनला चार दिवस आधी कळवलंस, मला पत्रात लिहिलंस आणि ज्याला सांगायचं त्यालाच कसं सांगितलं नाहीस? खाडीवरच्या सगळ्या पोरांचे वाढदिवस तुला पाठ. विसरणं हा तुझा स्वभाव नाही.

उत्तर लगेच हवं. प्रेम आहे, पण सध्या ते रांगेत मागे उभं आहे.

आस्लाउग


स्ताइनविक, २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विसरले. वय झालं.

आता तुझं. आयविनने मला सगळं सांगितलं आहे. कुणी हॉलंडचा पाहुणा आकाशाकडे बघून शीळ घालायला लागला तेव्हा बर्गबाईंनी त्याचा दंड धरला आणि शीळ घालू नका, आकाशातले ते उजेड खाली येऊन माणसाला उचलून नेतात, असं बजावलं. कण उचलून नेतात का, ताई? अडतीस वर्षांच्या फळ्यावर हे होतं का? पत्रात तू हे लिहायचं विसरलीस. वय झालं.

यालमार तीन दिवस बोलला नाही. दिवा मात्र लावत होता. काल रविवारी दुपारी बोट आली. दोन्ही पायांत बूट होते. कॉडमासा, त्याचं यकृत आणि गाबोळी असं सगळं घेऊन आला आणि म्हणाला की शिजव. कॉफी झाल्यावर साखरेचा खडा दातात धरून म्हणाला की दिवा मालवायचा असेल तर मालव, पण माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं म्हणजे कसं. तर म्हणाला की पाहुणे यायच्या दिवशी मी सहाच्या आधी येईन, बटण मी दाबीन, इथे स्वयंपाकघरात बसेन, ते गेले की दिवा लावून परत जाईन. समोर बसलेल्या माणसासाठी दिवा लागत नाही. एवढं बोलून दुसरा खडा तोंडात टाकला.

आणि ऐक. येतानाच तो स्वतःचा दिवा मालवून येणार आहे. तोही पाहुण्यांच्या डोळ्यांवर यायचा, पण त्याला विचारायचं धाडस आयविनला झालं नव्हतं. आता अख्खी खाडी अंधारी. आयविनला सांगितलं तर त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला की मारेनला फोन करतो.

खिडकीचे पडदे मी धुवायला काढलेत. आतला उजेड बाहेर जायला नको म्हणून. दुसरं काही मनात आणू नकोस.

रांगेतलं प्रेम पुढे सरकलं असेल तर कळव.

गुनवोर


ट्रॉम्सो, २७ जानेवारी

चि. गुनवोर हिस,
अ. आ. वि. वि.

सरकलं आहे.

शिळेबद्दल मी काही बोलणार नाही. आपल्या आईने जे सांगितलं ते विज्ञानाच्या आधी सांगितलं होतं, आणि त्या हॉलंडच्या माणसाची जबाबदारी माझ्यावर होती.

आयविन काल येऊन गेला. बूट दारात झटकले. मंगळवारच्या आणि गुरुवारच्या दोन्ही फेऱ्या भरून गेल्या होत्या म्हणाला, आणि असा काळोख सगळ्या किनाऱ्यावर दुसरीकडे नाही. ओस्लोला त्याने नकार कळवला आहे. मारेनने बालवाड्यांचे कागद चुलीत घातले. दोन महिने न उगवलेला सूर्य परतल्याच्या दिवशीचे जॅमचे पाव मी त्याच्यासाठी राखून ठेवले होते, ते तो पाच खाऊन गेला. तू काळजी करू नकोस, पोरगा कुठे जात नाही.

जाताना मात्र दारात घुटमळला. शनिवारी ढग होते, फेरी रद्द केली होती आणि तसं तुला सकाळीच कळवलं होतं, असं म्हणाला. तरी संध्याकाळी सातला रस्त्यावरून जाताना त्याला दोन्ही दिवे बंद दिसले. आईला विचारू का, असं मला विचारत होता.

मी त्याला सांगितलं की विचारू नकोस. बल्ब गेले असतील. दोन्ही घरांचे.

यालमारला माझा नमस्कार सांग. समोरच असेल.

तुझी ताई,
आस्लाउग