टाकी भरली की कळव

३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नीट पोचले. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या छतावर बसवलेल्या सोलर पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते, तिच्यावर छोटा पंप विहिरीचं पाणी छतावरच्या टाकीत चढवतो. लाइट गेली तरी नळाला पाणी! तुला बटणसुद्धा दाबायचं नाही.

बाबा मात्र अडूनच बसलाय. लाइट गेली की तू विहिरीवर पाणी शेंदतेस, मागे घसरलीस, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. महिनाअखेर तो येणार, आणि टाकी रिकामी दिसली तर तुला कायमचं इकडे आणणार. माझी ही पहिलीच सिस्टीम आहे गं, जीवापाड जप. टाकी भरली की कळव.

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझी भाची

९ एप्रिल

चि. इंजिनियरीणबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र दिसायला देखणं, कामाच्या नावाने बोंब. तू होतीस तोवर टाकी भरली, तू गेलीस आणि पंपाने तोंड फिरवलं. काल दुपारभर लाइट नव्हती, गुपचूप चार बादल्या शेंदल्या. बाबाला बोललीस तर याद राख.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर येऊन मी करू काय? इथे माझं शिवणयंत्र आहे, ब्लाउजच्या मापासाठी दार वाजवणाऱ्या बायका आहेत. काहीतरी कर बाई.

रागावले तरी तुझीच,
आत्या

१४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझं धाबं दणाणलंय. वायर उलटी जोडली की काय? भर दुपारी बघ, पंपाच्या डब्यावर हिरवा दिवा लागतो का? आणि पॅनेलवर धूळ बसली असेल तर पुसून घे.

घाबरलेली पण तुझी,
भाची

१९ एप्रिल

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

दिवा लागत नाही. आणि धूळ बसेलच कशी? जप म्हणालीस ना? तू गेलीस त्याच दुपारी जाड कापडाची मापात खोळ शिवून घातली, चारी बाजूंनी नाड्या, कडेला लाल पायपिनची किनार. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, मग तुझ्या पहिल्या यंत्राला नको?

कौतुकाची वाट बघणारी,
आत्या

२२ एप्रिल

आत्या,

नमस्कार नंतर. हे पत्र ठेव, वर जा, खोळ काढ. तुझा फोन बंद आहे म्हणून लिहितेय. ते ऊन खाऊनच जगतं गं!

हसून पोट दुखणारी,
भाची

२ मे

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

काढली. आणि मग तासभर स्वतःलाच हसले.

तुझा बाबा परवा रिकामी बॅग घेऊन आला, माझे कपडे भरायला. आल्या आल्या आंघोळीला गेला, अंगभर साबण लावला आणि लाइट गेली. आतून मला हाका मारू लागला की विहिरीवर जाऊ नकोस, मी असाच बाहेर येतो. मी ओरडून सांगितलं, येऊ नकोस, नळ सोड. मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता.

बाहेर आला तो बॅगेचं नावच काढेना. आता दिवसातून दोनदा आंघोळ करतो, पाइप धरून सगळ्या झाडांना पाणी घालतो, आणि कालच ऑफिसला रजा वाढवून मागितली. मला न्यायला आला होता. आता त्यालाच न्यायला कुणीतरी या.

माया आहे ती तशीच राहू दे,
आत्या