थांबलेली पळी

कामोठे,
५ जानेवारी २०२५

ती. हौसाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की तू हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितो. मी ठीक आहे. फ्लेक्सच्या दुकानात सगळे मजकूर अजून मलाच तपासायला देतात. परवा ‘हार्दीक’ छापता छापता वाचलं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला सरपंच धनेशकाकांनी बोलावलंय. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे ना. कंटेनर यार्डाच्या कराचे पैसे पंचायतीकडे आलेत. म्हाताऱ्या बायकांना दरमहा मदत द्यायची की शाळेला दुसरा शिक्षक ठेवायचा, हे हात वर करून ठरणार. दोन्हीला पुरणार नाहीत. चारही वर्गांना एकटे मास्तर आहेत. नववीत शाळा सुटलेल्या मला शिक्षकच हवासा वाटतो. पण तू दुखऱ्या गुडघ्यांनी मासळीची पाटी घेऊन बाजारात जातेस. तुझ्यासमोर तुझ्याविरुद्ध हात कसा वर करू?

आठवतं का, शाळेत तू खिचडी वाढायचीस? फळ्यावरचा शब्द वाचल्याशिवाय ताटात घालायची नाहीस. मी वाचला की तुझी पळी हवेतच थांबायची. काहीतरी चुकलं असं समजून मी पुन्हा नीट वाचायचो. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती तेव्हापासूनची.

माया आहे तशीच असू दे.
तुझा
प्रणित

मोरखाडी,
१२ जानेवारी २०२५

चि. प्रणितला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझ्या पत्रावर लाल पेन फिरवू नको. मी बोलते तशीच लिवते.

अरे येड्या, तू कदी चुकलाच नाय. मला तवा वाचता कुठं येत होतं? खिचडी करायचा पगार मिळायचा म्हणून मी शाळेत आली. तुमी पोरं शब्द बोलायची, मी फळ्याकडं बघायची. अक्षर डोळ्यात बसेपर्यंत पळी थांबायची. तू दोनदा वाचायचास, म्हणून तुझ्याकडून जास्त शिकली. आणि तू तरी अक्षरांसाठी येत होतास काय? खिचडीच्या वासानं धावायचास.

गुडघे खरंच दुखतात. मी मदतीसाठी हात वर करनार, मला लाज नाय. तू शिक्षकासाठी कर, पण पुरता वर कर, कोपरात दुमडलेला नको. मग घरी जेवायला ये. बोंबलाचं कालवण हाय. तोंड पाडून आलास तर उपाशी पाठवीन.

रुसू नको, लोभ ठेव.
हौसाआत्या

कामोठे,
१६ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सभेत माझा हात अर्ध्यातच अडला, तेव्हा तू अजून वर कर म्हणून खुणावलंस आणि नंतर मदतीसाठी स्वतःचा केलास. या घरात एकमत काही होत नाही, असं धनेशकाका म्हणाले आणि सगळी सभा हसली. मदत मंजूर झाली, शिक्षक राहून गेला. त्या दिवशी मी तोंड पाडूनच जेवायला बसलो, तरी तू कालवण दोनदा वाढलंस.

बुधवारी गावचा प्रितम दुकानात आला होता. मदत सुरू झाल्यापासून तू पाटी उचलत नाहीस म्हणाला. बरं वाटलं. मग म्हणाला, सकाळी तू शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांपाशी बसतेस, म्हणून मास्तरांना मोठ्या वर्गांकडे बघता येतं. आणि जोडाक्षर आलं की पोरांना सांगतेस, प्रणित आला की विचारू. हे तू मला कळवलं नाहीस. मी उगाच दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

शनिवारी मला सुट्टी असते. येतो. जोडाक्षरं माझ्यासाठी ठेव. मी वाचीन तेव्हा, बरोबर असलं तरी, जरा थांब. मी पुन्हा वाचीन.

तुझा
प्रणित