फुलामागचा माणूस

प्रिय व्हेनेता,

हे पत्र चेरीच्या मुरांब्याच्या बरणीखाली सापडेल. मुरांबा सांडला असेल तर बसच्या ड्रायव्हरला धर, मला नको. त्याला बजावलं होतं, बरणी उभी ठेव म्हणून. या वेळी फोनवर लिहिलं नाही, कारण फोन माझा राहिलेला नाही. सियाना येता-जाता तो उचलते, चाळते आणि मिठाचं भांडं ठेवावं तसा परत ठेवून देते. सून गुणी आहे असं सगळी गल्ली म्हणते. मीही म्हणते. पण सध्या तिच्या हातचं पाणीसुद्धा नकोसं होतं. हे इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

या महिन्याचे फोटो कागदावर काढून सोबत ठेवलेत. जसे निघाले तसेच. एकात माझा अंगठाच आहे. एकात शेजारच्या पेन्काची कोंबडी आहे, बिनडोक्याची. कापलेली नाही, डोकं फोटोत आलं नाही इतकंच. निवडुंगाचा सगळ्यात खाली आहे, तो एवढ्यात बघू नकोस.

आपला नियम कसा सुरू झाला आठवतं ना? तू त्या म्हातारीचं करायला इटलीला गेलीस आणि पहिल्याच महिन्यात फोटो पाठवलास. गाल चिनीमातीचे, सुरकुती औषधालाही नाही. मी विचारलं होतं, ही बया कोण, आणि माझी व्हेनेता कुठे ठेवलीस? तेव्हा ठरलं की महिनाअखेरीला जे असेल ते पाठवायचं, पुसायचं नाही, कापायचं नाही. मेतोदी त्याला महिन्याचा केर म्हणायचा. ‘काय गं, केर गेला का इटलीला?’ म्हणून मला चिडवायचा, आणि तुझा केर आला की चष्मा शोधून आधी तोच बघत बसायचा.

तो गेला तेव्हा त्याच्या मृत्यूचा कागद माझ्या यासेनने, मुलानेच, छापून आणला आणि रीतीप्रमाणे आमच्या दारावर, बसथांब्यावर, पावाच्या दुकानाशी लावला. त्या दिवसांत मी काही बघितलं नाही. दाराला काळं फडकं बांधलं आणि आत बसले. चाळिसाव्या दिवसाचा कागद लावायला मात्र खळ घेऊन मीच गेले, आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. कागदावर परका माणूस होता. अंगात कोट, गळ्यात टाय. दोन्ही मेतोदीने आमच्या लग्नानंतर घातले नव्हते. गालावरचा व्रण नाही. तुटलेला दात भरून आलेला. कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी, गुळगुळीत. नवरा मेल्यावर माणूस रडतो, मला ओकारी येत होती.

सियाना म्हणाली, ‘आई, शेवटी बाबा किती पिवळे पडले होते. लोकांच्या डोळ्यांपुढे तेच राहायला हवं का?’ मी म्हटलं, पिवळाच होता तो, आणि त्या पिवळ्या अंगाला मी रोज अंघोळ घालत होते. मला कधी किळस आली नाही. ती आत्ता येतेय. यासेन म्हणाला, ‘आई, फोटोवाल्याने प्रेमाने केलंय.’ पुस्तकांतल्या विधवा खिडकीशी बसून असतात. मी रोज सकाळी दारात उभी राहून त्या अंड्याला बघत होते.

जानेवारीत सहा महिन्यांचे दिवस केले, तेव्हा तोच फोटो, नवा कागद. त्या दिवशी विदिनहून गेंचो यायचा होता. तोच गेंचो, बोटीवरचा दोर तुटून मेतोदीचा गाल फाटला तेव्हा ज्याने आपली टोपी त्यावर दाबून धरली होती, बोट धक्क्याला लागेपर्यंत. मेतोदीच्या नावाचा गोड गहू वाटून झाला तरी त्याचा पत्ता नाही. पेन्का त्याला बसथांब्यावरून घेऊन आली, गारठलेला, बाटली काखेत. म्हणाला, ‘वहिनी, दारापर्यंत आलो होतो गं. चष्मा घरी राहिला, नाव वाचता येईना. कागदावरचं तोंड बघितलं, म्हटलं हे कुणा दंतवैद्याचं घर दिसतंय. माझ्या मेतोदीचा गाल मला आंधळ्यालाही कळेल.’ सगळे हसले. यासेनही हसला. गेंचो हसत नव्हता.

मी ठरवलं, वर्षाच्या कागदाला दुसरा फोटो द्यायचा. कुठला, हेही ठरलं होतं: गेल्या जूनचा, निवडुंगाचा. फोन उघडला तर काही नाही. सियाना म्हणाली, ‘अहो आई, किती केर साठला होता, काढून टाकला. चांगले तेवढे ठेवलेत.’ निवडुंग ठेवला होता. तोही कापून, कारण मागे बाबा बनियनवर होते. शिवाय फूल गुलाबी केलं होतं. आपला निवडुंग पांढरा फुलतो, हे तुला माहीत आहे, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. माझ्या नामदिनाच्या सणाला तिने त्याची चौकट करून स्वयंपाकघरात टांगली. मी जेवताना त्या चौकटीकडे पाठ करून बसते.

जुलैअखेरीला मेतोदीला वर्ष होईल. यासेन म्हणतो, तोच फोटो, या वेळी रंगीत आणि मोठा. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘मग दुसरा आण, आई,’ दुसरा नाहीच हे माहीत असल्यासारखा. पण व्हेनेता, तू केर टाकत नाहीस. गेल्या जूनच्या फोटोंत बघ. चीजच्या डब्यातला निवडुंग आहे आणि त्याच्यामागे मेतोदी, दाढी वाढलेली, पिवळा, एक डोळा उन्हाने मिटलेला. व्रण दिसतो. तोंड उघडं आहे, तुटका दात दिसतो, कारण तो म्हणत होता, ‘अगं फुलाचा काढ, माझा कशाला?’ तो कागदावर काढून घे आणि याच ड्रायव्हरच्या हाती दे. फोनवर पाठवू नकोस. उजळू नकोस, सरळ करू नकोस. दारावर मी स्वतः लावीन. आता सगळ्यात खालचा फोटो बघ. यंदाचं फूल आहे, मागे नुसती भिंत. भिंत बरीच आली आहे. तशीच राहू दे.

तुझीच,
डोब्रिन्का