शेजारी आधी ओरडतात

अण्णा, गेल्या रविवारी आपल्या हॉलमध्ये पुन्हा मॅच लागली, आणि तीही व्हिडिओ गेमच्या डब्यावर. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता. मी शाळेत असताना ऐन मॅचच्या वेळी तुम्ही माझ्या गेमची वायर उपटून म्हणाला होतात, "टीव्ही बघायला असतो रे, त्याच्याशी खेळायला नाही!" आता मी पन्नाशीला आलोय आणि अजून खेळतो. केबल आम्ही केव्हाच काढून टाकली. टीव्ही जुना, त्याला इंटरनेट चालत नाही. गेमच्या डब्याला चालतं, म्हणून मॅच त्यातून बघायची. आई रोज देवांच्या तसबिरींबरोबर त्या डब्यावरचीही धूळ पुसते.

चिकपेट बाजारातल्या साड्यांच्या दुकानातले तुमचे सोबती, ज्यांना आम्ही मामा म्हणतो ते, तुम्ही गेल्यापासून मॅचला कधी आले नव्हते. एरवी आलेच तर दारातूनच चौकशी करून जायचे. या वेळी आईनंच फोन केला, "फायनल आहे, घरी एकटे काय बघत बसता? या." आले. गुडघे धरत जिना चढले, तुमच्या मोकळ्या खुर्चीकडे पाहिलं आणि खाली सतरंजीवर बसले. मी पाणी आणायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी कंट्रोलर उचलून कुठलंतरी बटण दाबलं. बाहेर येऊन बघतो तर पडद्यावर मोटारींची शर्यत सुरू, आणि मामा शांतपणे बघतायत. म्हणाले, "जाहिरात स्वल्प लांबलीच की रे."

खरी गंमत पुढेच झाली. इंटरनेटवरून येणारं चित्र जरा मागे असतं. शेजाऱ्यांकडे केबल. तिथं विकेट पडून ओरडा होतो, तेव्हा आपल्याकडे बोलर अजून चेंडू पँटला घासत असतो. आई स्वयंपाकघरात भजी तळत होती, आणि तिथली खिडकी शेजाऱ्यांच्या हॉलसमोरच, त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येतो. हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. झारा हातात घेऊन ती दारात आली आणि म्हणाली, "हा आता जाणार." गेला! थोड्या वेळानं, "आता चौकार." चौकार! मामांच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "अक्का, तुम्हाला कसं कळतं हो?"

"दिसतं मला," आई म्हणाली आणि आत गेली. तुमच्या सगळ्या मॅच तिनं कढईपुढूनच ऐकल्या, अण्णा. तुम्ही आणि मामा ओरडलात की ती आतून विचारायची, "काय झालं हो?" आणि तुम्ही म्हणायचात, "तुला नाही कळायचं." रविवारी तिनं त्याची पुरेपूर भरपाई करून घेतली. शेवटी शेवटी तर मामा पडदा सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत बसले होते.

शेवटच्या चेंडूवर आपल्याला चौकार हवा होता. गॅस बंद करून आई दारात येऊन उभी राहिली. शेजारून एकच "अय्यो!" ऐकू आलं, मग टीव्ही बंद झाल्यासारखी शांतता. आपल्याकडे बोलर अजून रनअपच्या टोकाकडे चालत निघाला होता. ऐकायला कमी येणाऱ्या मामांना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं. "अक्का, सांगा ना. जिंकतो ना आपण?"

आईनं त्यांच्या ताटलीत आणखी दोन भजी वाढली. "चेंडू तर पडू द्या," म्हणाली. मामांनी हात जोडून डोळे मिटले. चेंडू पडला, उंच गेला आणि सीमारेषेवर झेलला गेला. मामांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. मग हसले. "सरी, असू दे. शेवटी तुमचंही चाललं नाही, अक्का."

"नाहीच चाललं," आई म्हणाली.

हे पत्र धाडायला तुमचा पत्ता नाही, तेव्हा राहील इथंच. एवढंच सांगतो, ते "अय्यो" मीही ऐकलं होतं. तरी मामांच्या शेजारी हात जोडून बसलो होतो, आणि मनापासून चौकार मागत होतो.