वास येत नाही म्हणे

देवबाग, मंगळवार, संध्याकाळ

आज सुनीलने, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, पर्यटकांसमोर माझ्या तोंडाचा वास घेतला.

डॉल्फिन दाखवायला होडी सुटणार, तेवढ्यात एक बाई माझ्या लाल, गळणाऱ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, "हा माणूस प्यायलाय." मी उभ्या जन्मात दारूला शिवलो नाही. सुनीलला हे ठाऊक नाही? तरी "दादा, जरा हकडे ये" म्हणत त्याने नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि बाईंना सांगितलं, "नाही मॅडम, वास येत नाही."

माझा भाऊ पीत नाही, असं नाही म्हणाला. वास येत नाही म्हणे! वर मला हळूच, "आज मी न्हेतंय होडी. तू रव काठावरच."

डॉक्टर काय म्हणाले ते त्याला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. डोळे कोरडे पडलेत. वाऱ्याने, उन्हाने चुरचुरतात म्हणूनच पाणी गळतं, पण ते डोळ्यावर टिकत नाही. थेंब घालायचे, गरम कपड्याने शेकायचं. तेव्हा हसला होता. "गळतत आणि सुके?"

मघाशी बायकोने ऊन पाण्यात पिळलेला कपडा माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि सुनील आला. होडीचं, डिझेलचं काहीबाही बोलत बसला. मग म्हणाला, "दादा, उद्या होडीवर येतलंस मां?"

माझ्या मनात त्याचं ते नाकच. कपडा कधीचा गार झाला होता. तरी काढला नाही. तो उठून जाईपर्यंत तसाच पडून राहिलो.